नदीचा कायदा, चार वेळा

कॅनडाच्या १८६७ च्या घटनेत कलम ९० आजही छापलेलं आहे. प्रांताच्या विधिमंडळाने केलेला, लेफ्टनंट गव्हर्नरची, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालासारख्या पदाची, संमती मिळून अमलात आलेला कायदासुद्धा ओटावाचं केंद्र सरकार वर्षभराच्या आत रद्द करू शकतं, असा त्याचा अर्थ. १८६७ ते १९४३ या काळात ११२ प्रांतिक कायदे या अधिकाराखाली रद्द झाले. १९४३ नंतर एकही झाला नाही. कलम कोणी वगळलं नाही, ते कोणत्या न्यायालयाने अवैधही ठरवलं नाही. ते वापरायला केंद्रात कोणी धजावत नाही, इतकंच.

एखादा अधिकार कागदावर जिवंत असून व्यवहारात मरतो तेव्हा त्यामागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते. या बाबतीत तिचा मोठा वाटा ऑलिव्हर मोवॅट यांचा. ते २५ ऑक्टोबर १८७२ ते २१ जुलै १८९६ असे जवळपास २४ वर्षं ओंटॅरिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री होते. कॅनडाबाहेर त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. राज्यांचे अधिकार आणि राज्यपालांची संमती यांवर आपल्याकडे सध्या जो वाद चालू आहे, त्यात मात्र मोवॅट यांच्या कामाची रीत बारकाईने पाहायला हवी. राज्यांचे अधिकार निवेदनांनी आणि दिल्लीवाऱ्यांनी वाढत नाहीत. त्यासाठी नेमका खटला निवडावा लागतो, नेमका कायदा लिहावा लागतो आणि तो मोडला तर पुन्हा मंजूर करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते सहसा कोणी करत नाही.

मोवॅट यांचे आईवडील स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या केथनेस परगण्यातले. वडील ब्रिटिश सैन्यातून कॅनडात आले आणि किंग्स्टन गावात व्यापार करू लागले. तिथे २२ जुलै १८२० रोजी ऑलिव्हर यांचा जन्म झाला. वकिली शिकायला ते ज्यांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले, ते जॉन ए. मॅकडोनाल्ड ग्लासगोला जन्मलेले आणि त्यांच्याहून पाच वर्षांनीच मोठे. पुढे मॅकडोनाल्ड कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले आणि याच उमेदवाराने त्यांच्या केंद्रीकरणाला आयुष्यभर विरोध केला. हा विरोध स्वभावाचा होता तसाच शिक्षणाचाही. मोवॅट यांची वकिली चान्सरी न्यायालयातली. तिथे गहाणखतं, विश्वस्त निधी, मृत्युपत्रं, वारसा यांचे वाद चालत. अशा कामात दस्तऐवजातल्या एका शब्दावर घर जातं किंवा राहतं. १८६४ च्या क्वेबेक परिषदेत संघराज्याचा आराखडा ठरला तेव्हा ते तिथे हजर होते. त्यानंतर आठ वर्षं ते न्यायाधीश होते. म्हणजे दस्त लिहिताना ते खोलीत होते, आणि दस्त कसा वाचतात हेही त्यांना ठाऊक होतं. प्रीमियर असताना ॲटर्नी जनरलचं खातं त्यांनी सर्व काळ स्वतःकडेच ठेवलं.

मॅकडोनाल्ड यांच्या मनातला प्रांत म्हणजे मोठी नगरपालिका. घटनेत त्यासाठी सोय होती. उरलेले सगळे अधिकार केंद्राकडे, लेफ्टनंट गव्हर्नर केंद्राने नेमलेला, त्याला विधेयक केंद्राच्या निर्णयासाठी राखून ठेवण्याची मुभा आणि वर कलम ९० चा नकाराधिकार. प्रांताच्या हाती होतं कलम ९२ : मालमत्ता आणि नागरी हक्क, दुकानं, दारूचे गुत्ते, लिलाव यांचे परवाने, स्थानिक कामं. आणि कलम १०९ : प्रांतातल्या जमिनी, खाणी, खनिजं आणि 'रॉयल्टीज'.

या शेवटच्या शब्दापासून सुरुवात झाली. ओंटॅरिओची राजधानी टोरांटो इथे १८७१ मध्ये अँड्र्यू मर्सर नावाचा श्रीमंत माणूस मृत्युपत्र न करता वारला. कायदेशीर वारस सिद्ध झाला नाही. बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, पण कोणत्या सरकारात? ओंटॅरिओने १८७४ मध्ये त्यावर कायदा केला. तो ओटावाने १८७५ मध्ये रद्द केला, आणि तेव्हा ओटावात मोवॅट यांच्याच पक्षाचं सरकार होतं. केंद्रात आपल्या पक्षाचं सरकार आलं की राज्याचे प्रश्न सुटतात, असं समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. मोवॅट यांनी पक्षाचं न ऐकता खटला चालू ठेवला. कॅनडाचं सर्वोच्च न्यायालय केंद्राच्या बाजूने गेलं. तेव्हा प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, नेलं गेलं आणि १८८३ मध्ये निकाल ओंटॅरिओच्या बाजूने लागला. बेवारस जमीन राजाकडे परत जाण्याचा हक्क हीसुद्धा 'रॉयल्टी'च आणि ती प्रांताची, असं समितीने म्हटलं. आपल्याकडे वाळू आणि मुरमाच्या रॉयल्टीवरून जिल्हा खनिकर्म कार्यालयात खेटे घालणाऱ्यांना या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. ओंटॅरिओच्या तिजोरीचा मोठा आधार जंगलातल्या लाकडावरचं शुल्क होता. कलम १०९ चा अर्थ ढिला पडला असता तर प्रांत केंद्राच्या अनुदानावर जगला असता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी मोठा निकाल आला, तो एका बिलियर्ड टेबलावरून. आर्चिबाल्ड हॉज यांचा टोरांटोत सेंट जेम्स हॉटेल नावाचा परवानाधारक गुत्ता होता. परवाना आयुक्तांचा नियम असा की शनिवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी सकाळी सहापर्यंत गुत्त्यात बिलियर्ड खेळू द्यायचं नाही. हॉज यांनी मे १८८१ मधल्या एका शनिवारी खेळू दिलं. दंड २० डॉलर आणि खर्च, न भरल्यास १५ दिवसांची सक्तमजुरी. त्यांच्या वकिलांनी दोन मुद्दे काढले. दारूचा व्यवहार हा व्यापार आहे, म्हणून विषय केंद्राचा. आणि प्रांताचं विधिमंडळ स्वतःच ब्रिटिश पार्लमेंटचं मुखत्यार आहे. मुखत्याराला आपलं काम तिसऱ्याकडे, म्हणजे आयुक्तांकडे, सोपवता येत नाही.

दुसरा मुद्दा मान्य झाला असता तर एकाही प्रांताला नियम करण्यासाठी साधं मंडळ नेमता आलं नसतं. समितीने तो फेटाळला. प्रांतिक विधिमंडळ कोणाचं मुखत्यार नाही, नेमून दिलेल्या विषयांत त्याची सत्ता खुद्द ब्रिटिश पार्लमेंटइतकीच पूर्ण आहे, असं तिने म्हटलं. पहिल्या मुद्द्यावर तिने सांगितलं की एकच विषय एका अंगाने केंद्राचा आणि दुसऱ्या अंगाने प्रांताचा असू शकतो. गावातली शांतता आणि गुत्त्याची शिस्त हे प्रांताचं अंग.

या निकालाला आपल्याकडचं एक जुळं भावंड आहे. १८७८ मध्ये याच समितीपुढे खासी-जैंतिया टेकड्यांतल्या बुरा नावाच्या आरोपीचा खटला आला होता. हिंदुस्थानच्या विधिमंडळाने १८६९ च्या गारो टेकड्यांच्या कायद्यात बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरला काही अधिकार दिले होते. मुखत्याराने मुखत्यार नेमला म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाने ती तरतूद नाकारली, आणि समितीने तो निर्णय फिरवला. १८८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात समितीने स्वतःच म्हटलं की बुरा आणि हॉज या दोन निकालांनी वसाहतींची विधिमंडळं मुखत्यार असल्याची समजूत संपवली. ओंटॅरिओचा गुत्तेवाला आणि मेघालयातला आरोपी एकाच सूत्रात ओवले गेले ते असे. त्या समितीवर हिंदुस्थानात न्यायदान केलेली माणसंही बसत. रिचर्ड काउच मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश राहिले होते. पुढे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा बराचसा कायम केला. कायद्याचं सारतत्त्व कोणत्या सूचीत बसतं ही त्या वेळची कसोटीसुद्धा कॅनडाच्या खटल्यांतून, प्रिव्ही कौन्सिलमार्गेच इकडे आली होती.

पण नकाराधिकाराचं काय? हॉज आणि मर्सर यांच्या निकालांनी कलम ९० ला धक्का लागत नव्हता. तो एका नदीने लागला.

ओंटॅरिओच्या पूर्वेकडे मिसिसिपी नावाची एक छोटी नदी आहे. अमेरिकेतल्या प्रसिद्ध नदीशी तिचा संबंध नाही. तिच्या काठी पीटर मॅक्लॅरन आणि बॉइड कॉल्डवेल हे दोन लाकूडव्यापारी होते. हिवाळ्यात झाडं तोडायची आणि बर्फ वितळून पाणी चढलं की ओंडके नदीत सोडून खालच्या आरागिरणीपर्यंत वाहून न्यायचे, असा हा धंदा. मधे खडक आणि धबधबे असतात. मॅक्लॅरन यांनी आपल्या जमिनीलगत बांध घातले होते, ओंडके घसरवण्यासाठी लाकडी घसरणी बांधल्या होत्या. वरच्या अंगाला असलेल्या कॉल्डवेल यांचे ओंडके त्यांनी अडवले. ओंडके वेळेत उतरले नाहीत तर पाणी ओसरतं, पूर्ण वर्षाचा माल वरच अडकतो आणि कुजतो. मॅक्लॅरन न्यायालयातून मनाई हुकूम घेऊन आले.

मोवॅट सरकारने १८८१ मध्ये नद्या-ओढ्यांचा कायदा केला. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. बांध आणि घसरणी कोणाच्याही असोत, योग्य पथकर भरून ओंडके न्यायचा हक्क सर्वांना. हा पथकर प्रांत सरकार ठरवणार. तो ठरवताना बांधकामाचा मूळ खर्च, देखभालीचा खर्च आणि मूळ रकमेवरचं व्याज, तिन्ही धरायचं. मालकाचं बांधकाम हिसकावलेलं नाही, त्याची भरपाई सूत्रात आधीच बसवलेली. हा खासगी मालमत्तेवरचा दरोडा आहे असं विरोधक म्हणणार, हे मोवॅट यांनी ओळखलं होतं आणि उत्तर मसुद्यातच लिहून ठेवलं होतं.

मॅकडोनाल्ड यांनी तो कायदा रद्द केला. मॅक्लॅरन त्यांच्या पक्षाचे होते. १८६८ मध्ये खुद्द मॅकडोनाल्ड यांनीच रद्द करण्याची कारणं चार प्रकारांत बसवली होती : पूर्ण बेकायदा, अंशतः बेकायदा, केंद्रीय कायद्याशी विसंगत, किंवा संपूर्ण देशाच्या हिताला बाधक. आता ते खासगी मालकावर अन्याय होतो म्हणून प्रांताच्या सूचीतला कायदा मोडत होते. इथेच ते चुकले. स्वतः आखलेली रेघ एका माणसासाठी ओलांडली, आणि ते सगळ्यांना दिसलं.

ओंटॅरिओने १८८२ मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर केला. रद्द झाला. १८८३ मध्ये पुन्हा केला. पुन्हा रद्द. मधल्या काळात कॉल्डवेल यांचा दावा न्यायालयांतून वर सरकत होता : पहिल्या न्यायालयात हार, ओंटॅरिओच्या अपील न्यायालयात जीत, सर्वोच्च न्यायालयात हार. १८८४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कॉल्डवेल यांना जिंकवलं, तेही नव्या कायद्यावर नाही, तर पाणी चढल्यावर सर्व प्रवाहांतून लाकूड नेता येतं असं सांगणाऱ्या जुन्या कायद्याच्या शब्दांवर. त्याच वर्षी ओंटॅरिओने नदीचा कायदा चौथ्यांदा मंजूर केला. या वेळी ओटावाने हात लावला नाही.

यातला प्रत्येक टप्पा महत्त्वाचा आहे. फक्त खटला लढवला असता तर प्रश्न दोन व्यापाऱ्यांचा राहिला असता. फक्त कायदा पुन्हा पुन्हा मंजूर केला असता तर तो हट्ट ठरला असता. दोन्ही एकाच वेळी चालू असल्यामुळे दर वर्षी केंद्राला नव्याने सांगावं लागलं की आम्ही का मोडतो, आणि दर वर्षी ते कारण जास्त दुबळं दिसलं. १८८३ ची प्रांतिक निवडणूकही मोवॅट यांनी जिंकली.

सीमेच्या प्रश्नातही हीच रीत. ओंटॅरिओची पश्चिम आणि उत्तर हद्द ठरवायला तिघांचा लवाद नेमला गेला, त्याने ३ ऑगस्ट १८७८ ला निवाडा दिला. त्याच वर्षी सत्तेवर परतलेल्या मॅकडोनाल्ड यांनी तो मान्य केला नाही, उलट १८८१ मध्ये वादातला मुलूख मॅनिटोबाला जोडला. रॅट पोर्टेज गावात, म्हणजे आजच्या केनोरात, दोन प्रांतांचे पोलीस एकमेकांना अटक करू लागले. १८८३ मध्ये तिथे दोन्ही विधिमंडळांसाठी मतदान झालं. मोवॅट स्वतः लंडनला जाऊन समितीपुढे बाजू मांडायला उभे राहिले. १८८४ च्या निकालातला एक तपशील आपल्या सीमाभागातल्या वाचकांना बोचेल. कायदा करून बांधील न केल्यामुळे लवादाचा निवाडा बंधनकारक नाही, असं समितीने म्हटलं. ओंटॅरिओ जिंकला तो निवाड्यातली हद्द पुराव्याने बरोबर ठरली म्हणून. म्हणजे आयोग आणि लवाद कितीही नामवंतांचा असो, त्याचा अहवाल दोन्ही बाजूंवर बंधनकारक करणारं कलम आधी लिहून घ्यावं लागतं. बेळगावच्या प्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. फरक असा की कॅनडात १८७१ पासून प्रांताची हद्द बदलायला त्या प्रांताच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्या अनुच्छेद ३ मध्ये राज्याचं फक्त मत मागवलं जातं.

मोवॅट यांची बाजू इतकी स्वच्छ नव्हती, आणि ते लपवून त्यांचा दाखला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. १८७६ च्या कायद्याने गुत्त्यांचे परवाने नगरपालिकांकडून काढून प्रांताने नेमलेल्या आयुक्तांकडे दिले गेले. आयुक्त आणि निरीक्षक नेमणार कोण, तर मोवॅट यांचं सरकार. परवान्याच्या जोरावर गुत्तेवाले आणि निरीक्षक त्यांच्या लिबरल पक्षाच्या कामाला जुंपले गेले. हॉज खटल्यात तत्त्व जिंकलं तेव्हा हे यंत्रही जिंकलं. ओटावाकडून घेतलेली सत्ता टोरांटोत साठली. खाली गावापर्यंत ती झिरपली नाही, उलट गावाकडची वर ओढली गेली.

त्याहून गंभीर गोष्ट १८८८ च्या सेंट कॅथरिन्स मिलिंग कंपनीच्या खटल्याची. ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांनी ३ ऑक्टोबर १८७३ च्या तिसऱ्या तहान्वये सुमारे ५५,००० चौरस मैल मुलूख दिला. बदल्यात माणशी वर्षाला ५ डॉलर, राखीव जागा आणि शिकार-मासेमारीचं वचन. त्या जंगलात लाकूड तोडायचा परवाना या कंपनीला केंद्राने दिला, ओंटॅरिओने तो आपला हक्क म्हणून अडवला. प्रिव्ही कौन्सिलने ओंटॅरिओला जिंकवलं : मूळ रहिवाशांचा हक्क राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेला, केवळ उपभोगाचा होता, जमीन प्रांताचीच. ज्यांच्या जमिनीचा हा निवाडा होता ते ओजिब्वे त्या खटल्यात पक्षकारच नव्हते. त्यांच्या बाजूने एकही वकील बोलला नाही. या निकालाची सावली कॅनडाच्या कायद्यावर शतकभर राहिली, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काला मान्यता दिली तेव्हा ती जरा हलली. प्रांताच्या हक्कांसाठी निष्णातपणे लढणाऱ्या माणसाला त्या प्रांतातली माणसं दिसतातच असं नाही.

मग प्रांतांवर केंद्राचा अंकुश हवाच, असा निष्कर्ष काढला जातो. कॅनडाचा पुरावा त्याला साथ देत नाही. ओजिब्वेंच्या जमिनीवर केंद्रही परवानेच वाटत होतं. ब्रिटिश कोलंबियाचे चिनी आणि जपानी मजुरांविरुद्धचे कित्येक कायदे ओटावाने रद्द केले हे खरं, पण जपान्यांविरुद्धचे कायदे मोडण्यामागे ब्रिटनचे जपानशी असलेले संबंध होते. १९०७ मध्ये त्याच प्रांताने आपल्या देशातून गेलेल्या सगळ्यांना, ज्यांत बहुसंख्य शीख होते, 'हिंदू' म्हणून मतदार यादीतून काढलं. तो कायदा रद्द झाला नाही. मताधिकार परत मिळायला १९४७ उजाडलं. नकाराधिकार हे दुबळ्यांचं कवच आहे ही कल्पना म्हणून मला पटत नाही. कवच हवं असेल तर ते न्यायालयात स्वतः जाऊन मागता येईल अशा मूलभूत हक्कांचं हवं, मंत्रिमंडळाच्या मर्जीचं नको.

आपली घटना लिहिताना कॅनडा समोर होता. 'युनियन' हा शब्द १८६७ च्या कायद्याच्या प्रस्तावनेला अनुसरून घेतल्याचं मसुदा समितीने १९४८ मध्ये लिहून ठेवलं. शेष अधिकार केंद्राकडे, राज्यपाल केंद्राने नेमलेला, विधेयक राखून ठेवण्याची सोय, हे सगळं त्याच घरातलं. अमलात आलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार मात्र आपण घेतला नाही, आणि ते फार चांगलं झालं. पण राखून ठेवण्याच्या अधिकाराने ती जागा भरून काढली. कॅनडात तो अधिकार शेवटचा १९६१ मध्ये सस्कॅचेवानच्या लेफ्टनंट गव्हर्नरने वापरला, आणि केंद्राने लगेच संमती देऊन विषय मिटवला. आपल्याकडे तो नित्याचा आहे.

महाराष्ट्राचं शक्ती विधेयक घ्या. ते केंद्रीय फौजदारी कायद्यांत बदल करणारं होतं. विषय समवर्ती सूचीतला, म्हणून अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींकडे जाणं भागच होतं. दोन्ही सभागृहांनी ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. संमती आली नाही, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिताच गेल्यामुळे विधेयकाखालची जमीन सरकली. विधेयकाचा आशय चांगला की वाईट हा वेगळा वाद. नकार देण्याची जबाबदारीसुद्धा कोणावर न येता विधेयक संपू शकतं, ही खरी तक्रार आहे. म्हणून शक्य असेल तिथे राज्याने आपलं विधेयक राज्यसूचीच्या एकाच नोंदीवर उभं करावं, समवर्ती भाग वेगळ्या विधेयकात काढावा, आणि आक्षेपांची उत्तरं नदीच्या कायद्यासारखी मसुद्यातच लिहावीत.

तमिळनाडूच्या खटल्यात ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या संदर्भावर मत दिलं की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही, संमती मिळाली असं मानूनही चालता येत नाही. कारण न देता दीर्घकाळ गप्प बसल्यास फक्त मर्यादित निर्देश देता येतील. म्हणजे उपाय आता घटनादुरुस्तीत आहे आणि तिची मागणी नेमक्या वाक्यावर बोट ठेवून करायला हवी. ते वाक्य अनुच्छेद २०१ मध्ये आहे. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवलं तर विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा, ही मुदत तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केल्यावर राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यायचा, हे लिहिलेलं नाही, आणि संमती द्यायलाच हवी असंही नाही. मॅकडोनाल्ड यांना नदीचा कायदा मोडायला दर वेळी एक वर्ष मिळत होतं, आणि तो मोडेपर्यंत कायदा अमलात असे.